४ नोडचा टेट की १० नोडचा?

FEA मध्ये, म्हणजे भागावरचा ताण कॉम्प्युटरवर काढताना, ब्रॅकेटच्या मेशिंगला (तो छोट्या एलिमेंटमध्ये तोडायला) कोणता टेट, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा एलिमेंट, घ्यावा, हा घोळ नेहमीचा. ४ नोडच्या टेटला फक्त कोपऱ्यांवर नोड (गणिताचे बिंदू), १० नोडच्याला कडांच्या मध्यावरही. अचूकतेत तुलनाच नाही: ४ नोडच्या एलिमेंटमध्ये स्ट्रेन (ताणामुळे होणारा आकारबदल) सगळीकडे एकच, त्यामुळे वाकणारा भाग उगाच ताठ होतो. डिफ्लेक्शन (भाग किती वाकला) आणि फिलेटवरचा (कोपऱ्याला दिलेल्या गोलाईवरचा) स्ट्रेस दोन्ही कमी दिसतात. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. १० नोडचा गोलाईही पकडतो, पण बारीक फिलेटवर जॅकोबियन (एलिमेंटचा आकार किती बिघडला याचं माप) निगेटिव्ह झाला की सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) अडतो. तिथे एलिमेंट लहान करा. खर्च? तेवढ्याच एलिमेंटना नोड साधारण ७-८ पट. फिलेटच न दिलेल्या आतल्या कोपऱ्यात मात्र दोन्ही निरुपयोगी, मेश बारीक कराल तसा स्ट्रेस चढतच जातो.

स्ट्रेस हवा तर १० नोडचा, जाडीत किमान २ थर. जाड ठोकळा नुसता आधाराला असेल, तर ४ नोडचा चालतो.