नागिणीनंतरच्या दुखण्यावर मिरचीचं क्रीम (कॅप्सेसिन ०.०७५ टक्के), आईला लावतोय, पाचपैकी साडेतीन

आधीच सांगतो, हे चोळून गार वाटणारं बाम नव्हे. पहिल्यांदा लावल्यावर आईने मला जे काय सुनावलंय ते इथे टाईप करता येणार नाही.

आईला उजव्या बरगडीवर नागीण झालेली. फोड वाळले, खपल्या पडल्या, कातडी बरी दिसायला लागली पण आग आणि ठणका काही जाईना, ब्लाऊजचं कापड घासलं तरी कळवळायची, त्यात सांगलीचा मे महिना, घाम. शेजारच्या काकू रोज येऊन काव लावा म्हणायच्या आणि वर नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो हे पण ऐकवून जायच्या. नागीण बहुतेक वेळा एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते त्यामुळे छातीच्या मधोमध येऊन थांबते, जुळायचा प्रश्न येत नाही, पण काकूंना कोण सांगणार. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी रात्रीच्या गोळ्या चालू ठेवून सोबत हे क्रीम लिहून दिलं.

घेताना लेबल वाचा हो. एका मेडिकलवाल्याने "तेच आहे की, यात पण कॅप्सेसिन आहे" म्हणून वेगळंच जेल हातात टेकवलं. बघितलं तर डायक्लोफिनॅक, मेन्थॉल, मिथाईल सॅलिसिलेट आणि कॅप्सेसिन फक्त ०.०२५. लचक, मुरगळा, सांधा याला ते ठीक, पण चिठ्ठीवर ०.०७५ असेल तर तेच मागा. परदेशात ८ टक्क्यांचा पॅच पण असतो म्हणे, असतो खरा, पण तो दवाखान्यातच लावतात, घरी करायचं काम नाही.

आता एवढी आग होते तर उपयोग काय, हे आईने विचारलं म्हणून मी वाचून काढलं. नागिणीचा विषाणू कांजिण्यांचाच, तो मणक्याशेजारच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं दडून बसतो. या गाठींत संवेदना नेणाऱ्या पेशी असतात, एक फाटा कातडीकडे आणि एक मज्जारज्जूकडे. दुखणं नेणाऱ्या बऱ्याच पेशी न्यूरोपेप्टाइड (एका पेशीचा निरोप दुसरीला देणारे प्रथिनांचे छोटे तुकडे) बनवतात, त्यातलं एक सब्स्टन्स पी, ११ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, दुसरं सीजीआरपी, ३७ ची. माल दोन्ही टोकांना जातो. कातडीच्या टोकाला सुटला की लाली आणि सूज, मज्जारज्जूच्या टोकाला सुटला की दुखण्याचा निरोप पुढे जास्त जोरात. मिरचीतलं कॅप्सेसिन याच पेशींवरचं टीआरपीव्ही-१ नावाचं दार उघडतं, हे दार एरवी साधारण ४३ अंशांच्या वर उघडतं, म्हणून कातडी तापलेली नसताना पण भाजल्यासारखं होतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियसच्या लॅबने हे दार शोधलं, २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे. खरडा केल्यावर हात का जळतात त्याला नोबेल, हे ऐकून आईला पहिल्यांदा हसू आलं.

रोज लावत राहिलं की त्या टोकांमधला सब्स्टन्स पी चा साठा संपतो असं जुनं उत्तर. आता म्हणतात की तेवढ्यावर भागत नाही, कातडीतली बारीक टोकंच काही काळ निकामी होऊन मागे सरतात. मला हे जास्त पटतं, कारण सब्स्टन्स पी चा नुसता रिसेप्टर (पुढच्या पेशीवर ते जिथे जाऊन चिकटतं ती जागा) अडवणारी औषधं माणसांच्या दुखण्यावर चाललीच नाहीत, त्यातलं अप्रेपिटंट शेवटी केमोच्या उलट्यांवर कामाला आलं. मागे सरलेली टोकं परत वाढतात, त्यामुळे मधेच सोडलं की पुन्हा श्रीगणेशा.

आणि इथेच लोक फसतात. दिवसातून तीन-चार वेळा, न चुकता, काही आठवडे. पहिल्या आठवड्यात फक्त आग आणि शिव्या, फरक शून्य, बरेच जण तिथेच ट्यूब फेकून देतात आणि बोगस आहे म्हणून एक स्टार टाकतात. आईचं हळूहळू असं झालं की लावल्यावरची आग कमी व्हायला लागली आणि मग कापड सहन व्हायला लागलं. ठणका पूर्ण गेलेला नाही, रात्री अधूनमधून असतोच, गोळीचा वाटा किती आणि क्रीमचा किती हे मला सांगता येणार नाही.

लावताना हातमोजा घालाच. नुसत्या पाण्याने हे जात नाही, आधी तेलाचा बोळा फिरवायचा मग साबण. गरम पाण्याच्या आंघोळीच्या आधी किंवा लगेच नंतर लावलंत तर घर डोक्यावर घेतील. डोळ्यांपासून लांब, आणि फोड ओले असताना किंवा कातडी फुटलेली असताना अजिबात नाही. वाळलेल्या क्रीमचा भुगा उडाला तर खोकला पण येतो, चादर झटकताना मला आला.

एक स्टार आगीचा कापला, अर्धा ट्यूबच्या झाकणाचा, धड बसतच नाही आणि कपाटातल्या टॉवेलला लागलं की पुढचा तोंड पुसणारा गेला कामातून. दुसरी ट्यूब आणलीय.