'40 टक्के वाढ' दाखवून गळ्यात मारलेलं कर्ज

पुण्यात 'प्लेसमेंट गॅरंटी'चे कोर्स विकणारे काही क्लास आधी एक आलेख पुढे सरकवतात: या क्षेत्रात दहा वर्षांत नोकऱ्या 40 टक्क्यांनी वाढणार. मुलाबरोबर गावाहून आलेले वडीलही मान डोलावतात. हा आकडा खरा असला तरी फसगत होते.

कशाच्या 40 टक्के, ते विचारा. आज 1,000 जागा असतील तर दहा वर्षांत 400 वाढतील, वर्षाला सरासरी 40. साठ मुलांची एकच बॅच त्यापेक्षा मोठी. उलट 1,00,000 जागांच्या क्षेत्रात नुसती 5 टक्के वाढ म्हणजे 5,000 जागा.

मग पॅकेज. 4,20,000 भागिले 12, महिना 35,000, असं वहीत लिहून दाखवतात. पण त्यात व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, 60,000, कंपनीचा पीएफ 21,600 आणि पॅकेजच्या निम्मं बेसिक (मूळ पगार) धरलं तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, सुमारे 10,100 असू शकते. ते वजा जाता महिना 27,358. स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 25,358.

खरी मेख फीमध्ये आहे. 'हप्त्याने भरा' म्हणत आधार, पॅन, सेल्फी घेतात आणि वडिलांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागतात. घरचे समजतात फीचे हप्ते पडले. प्रत्यक्षात वित्त कंपनीचं कर्ज वडिलांच्या नावावर चढलेलं असतं. पैसे एकरकमी क्लासला मिळतात. क्लासला कुलूप लागलं तरी हप्ता कापला जातो, आणि बँकेत मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, बंद केलं तर थकबाकी सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसते.

एक लाखावर '12 टक्के फ्लॅट', 24 महिने: व्याज 24,000, हप्ता 5,167. मुद्दल महिन्यागणिक फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर मोजला तर, हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. 'शून्य टक्के' म्हणाले, तर रोख भरल्यास किती घ्याल, हे विचारा. 88,000 म्हणाले तर वरचे 12,000 हे व्याजच.

ओटीपी सांगण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ (वैयक्तिक ग्राहकांच्या) मुदत कर्जांना ते बंधनकारक आहे; त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. मोबाइलवरून घेतलेल्या कर्जात 'कूलिंग-ऑफ'ची मुदतही त्यातच असते. तेवढ्या मुदतीत मुद्दल आणि तितक्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ही मुदत एका दिवसाचीही असू शकते, म्हणून घरी पोचल्यावर त्याच रात्री कागद वाचा.

करारात 'गॅरंटी'चं 'असिस्टन्स', म्हणजे नुसती मदत, झालंय का, तेही बघा. आलेखाचा फोटो, पावती आणि काउन्सेलरचे मेसेज जपून ठेवा. क्लासविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. कर्जाबद्दल आधी वित्त कंपनीकडे लेखी द्या; 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.