उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड की ब्रोमॅडिओलोन?

दोन्ही औषधांनी उंदीर मरतो. पण मेलेला उंदीर खाणाऱ्या घुबडाचं आणि धामणीचं काय होतं, याचा विचार फारसा कुणी करत नाही.

झिंक फॉस्फाईड म्हणजे लसणासारख्या वासाची काळी पूड. भरडा ९६ भाग, तेल २ भाग, पूड २ भाग, असं आमिष करतात. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की फॉस्फीन वायू सुटतो आणि उंदीर काही तासांत संपतो. विष मांसात फारसं साठत नाही, त्यामुळे घुबडाला धोका तुलनेनं कमी. पण बांधावर सांडलेले दाणे मोर, तितर, कबुतरं टिपतात आणि थेट मरतात. याला उतारा नाही. शिवाय उंदीर हुशार. आधी दोन-तीन दिवस बिनविषाचा भरडा घातला नाही, तर तो आमिषाला तोंडच लावत नाही.

ब्रोमॅडिओलोनच्या आमिषात विष फक्त ०.००५ टक्के. उंदराला संशय येत नाही आणि खरी गोम इथेच आहे. रक्त गोठणं थांबून तो मरायला चार-पाच दिवस किंवा जास्तही लागतात. तोवर तो खातच राहतो, यकृतात विष साठत जातं. शेवटी भरदिवसा झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. गव्हाणी घुबडाला आयतीच शिकार! के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे खरा, पण रानातल्या घुबडाला तो टोचणार कोण?

शेतात मी झिंक फॉस्फाईडच घेईन. तेही बिळात खोल, तोंड मातीनं बुजवून. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून पुरायचे, औषध कुठलंही असो.