डोमेनचा शेवट निवडताना: देशाचा, युनियनचा की आपल्या प्रदेशाचा?

मोठ्या संघाच्या पोटात असलेल्या प्रदेशातली एखादी संस्था डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, घ्यायला बसते, तेव्हा चर्चा रंगते ती नाव कसे दिसेल याची. त्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: हे नाव उद्या कोण काढून घेऊ शकेल?

देशाचा दोन अक्षरी शेवट, उदाहरणार्थ ब्रिटनचा डॉट यूके किंवा स्पेनचा डॉट ईएस, सर्वांच्या ओळखीचा आणि टिकाऊ. डॉट यूकेसारखा अपवाद सोडला तर ही अक्षरे आयएसओ ३१६६ या देशांच्या संक्षिप्त खुणांच्या आंतरराष्ट्रीय यादीतून येतात. देश कोणता आणि कोणता नाही हे ठरवणे आपले काम नव्हे, अशी भूमिका तेव्हा या शेवटांचे वाटप पाहणारे जॉन पोस्टेल यांनी १९९४ सालीच लिहून ठेवली होती. यादीत स्वतंत्र नोंद नसल्याने स्कॉटलंड किंवा स्पेनमधल्या कॅटालोनियाला दोन अक्षरे मिळत नाहीत.

नाव कोण काढून घेऊ शकेल याबाबत सरकारी कार्यालयांनी जास्त सावध राहावे. ऑक्टोबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्याच्या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि तिथून लोक अश्लील पानांवर पोहोचू लागले. अमेरिकेतल्या सरकारी पत्त्यांचा डॉट गव्ह हा शेवट तेव्हा सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याने उपाय म्हणून सगळ्या राज्याचे सीए डॉट गव्ह हेच नाव काढायला घेतले! राज्याच्या कर्मचाऱ्यांनी धावपळ करून ते काही तासांत थांबवले. एवढ्या मोठ्या राज्याचा अधिकृत पत्ता दुसऱ्याच्या हातात असतो, हे त्या दिवशी उघड झाले.

युरोपीय युनियनचे डॉट ईयू सर्वांसाठी खुले झाले ७ एप्रिल २००६ रोजी. अनेक सदस्य देशांत काम असेल तर ते सोयीचे आहे. पण हक्क सदस्यत्वाशी बांधलेला आहे. ब्रिटन बाहेर पडल्यावर तिथल्या मालकांची सुमारे ८० हजार नावे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली आणि त्यांतली हक्क दाखवता न आलेली नावे वर्षभराने रद्द झाली. २०१६ मध्ये स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी युनियनमध्ये राहण्याचा कौल दिला होता. तो इथे कामी आला नाही. ज्यांच्याकडे युनियनमधले नागरिकत्व, वास्तव्य किंवा कार्यालय नव्हते, त्यांची नावे गेलीच. प्रदेशाचे मत वेगळे असले तरी निर्णय देशाचा लागू होतो, म्हणून सदस्यत्वाबद्दल वाद चालू असलेल्या देशात मुख्य पत्ता डॉट ईयूवर ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला प्रदेशाचा स्वतःचा शेवट. मला सर्वांत जवळचा वाटतो तो डॉट कॅट. २००५ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती कॅटलान भाषा आणि संस्कृतीच्या समाजासाठी, भूभागासाठी नव्हे. म्हणून सरहद्दीपलीकडे अँडोरात किंवा फ्रान्समधल्या पेर्पिन्याँला कॅटलानमध्ये काम करणाऱ्यालाही तो आपला वाटतो. दोन अक्षरांचे दार बंद असताना भाषेच्या दारातून आत येण्याची ही वाट फार मोलाची आहे. स्कॉटलंड सरकार आता गव्ह डॉट स्कॉटवर आहे, आणि वेल्सचे सरकार इंग्रजीत गव्ह डॉट वेल्स, तर वेल्शमध्ये लिव डॉट कमरीवर.

तरीही हा शेवट अभेद्य नाही. २० सप्टेंबर २०१७ रोजी, कॅटालोनियाच्या स्वातंत्र्यावरील सार्वमताच्या अकरा दिवस आधी, स्पेनच्या पोलिसांनी बार्सिलोनातल्या डॉट कॅट नोंदणी संस्थेच्या कार्यालयावर छापा घातला आणि तिच्या तांत्रिक प्रमुखाला अटक केली. नाव कॅटलान, पण कार्यालय स्पेनच्या कायद्याखाली.

म्हणून भाषा, संस्कृती किंवा प्रादेशिक कारभार हेच काम असेल तर प्रदेशाचा शेवट घ्यावा आणि देशाच्या शेवटाचे नावही राखून त्याच संकेतस्थळाकडे वळवावे. त्याआधी नोंदणी संस्थेचे मुख्यालय कुठे आहे ते पाहावे. वेल्सचे दोन्ही शेवट नॉमिनेट ही संस्था सांभाळते, डॉट यूकेही तीच, आणि तिचे मुख्यालय इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला आहे.