पुश-आउट चाचणीसाठी सिरॅमिकचे काप: रत्नागिरीतली एक कार्यशाळा

साळवी स्टॉपपासून जरा आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये दगडांचे पातळ काप करून देतात. गिऱ्हाईक बहुतेक भूगर्भशास्त्राची मुलं. जांभा, बेसॉल्ट, ३० मायक्रॉन. मी नेला सिलिकॉन कार्बाइड कंपोझिटचा, म्हणजे तंतू घालून बळकट केलेल्या सिरॅमिकचा तुकडा. आत त्याच पदार्थाचे साधारण १४ मायक्रॉन जाडीचे तंतू, भोवती बोरॉन नायट्राइडचा मायक्रॉनभरही नसलेला थर. शेडवाल्या काकांनी बघितलं आणि म्हणाले, "कडक आहे, पण जांभ्यापेक्षा बरं. जांभ्याला आधी रेझिन पाजावं लागतं, नायतर हातातच भुगा."

पुश-आउट चाचणीत नॅनोइंडेंटरच्या (अगदी बारीक टोक मोजून दाबणाऱ्या यंत्राच्या) सपाट टोकानं कापातला एकच तंतू दाबून खालच्या खाचेत सरकवायचा असतो. किती जोरावर सुटतो आणि मग किती घर्षणानं घसरतो, ते मोजायचं. बोरॉन नायट्राइडचा थर मुद्दामच कमजोर ठेवतात, म्हणजे आलेली भेग तंतू न तोडता त्याच्या कडेनं वळते. पक्का चिकटला तर तुकडा चिनीमातीच्या बशीसारखा फुटतो. ताण काढायला जोराला तंतूचा परीघ आणि कापाची जाडी यांच्या गुणाकारानं भागायचं. १०० मायक्रॉनच्या कापात २० मेगापास्कल म्हणजे जेमतेम ९० मिलिन्यूटन. काप एकीकडे ९० आणि दुसरीकडे ११० मायक्रॉन निघाला, तर मशीन कितीही महागडं असो, आकड्यांत तेवढा घोळ राहणारच. आधी एका मोठ्या लॅबनं मला अशीच पाचर पाठवली होती, वर बिलही भरभक्कम.

इथे जाडी कडेपासून कडेपर्यंत जवळपास सारखी. पॉलिशही झकास, तंतू भोवतालच्या मॅट्रिक्सच्या (त्यांना धरून ठेवणाऱ्या सिरॅमिकच्या) वर आलेले नाहीत. दगडाचा काप काचेवर कायमचा चिकटवतात; मला सुटा हवा होता. मेणासारख्या वितळणाऱ्या गोंदावर लावून द्या म्हटल्यावर काकांनी कुरकुर न करता दिला.

तक्रार पाण्याची. घासाई सगळी पाण्यात, आणि नीट स्फटिक न झालेलं बोरॉन नायट्राइड ओलावा धरतं. तेलातली डायमंड पेस्ट मलाच नेऊन द्यावी लागली. त्यात तयार काप साध्या कागदी पाकिटात, तेही ऐन जुलैत! सिलिका जेलची पुडी किती रुपयांची असते?

दर दगडाच्या तिप्पट, पण काम पाहिल्यावर घासाघीस केली नाही. आठवडा सांगतात, दहा दिवस धरा. गणपतीत विचारूच नका. आणि "पाणी नको" हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा; काका नसले तर हाताखालचा मुलगा थेट नळाखाली धरतो.