पोकर शिकवणारं सॉफ्टवेअर घेतलं, ते माझेच पत्ते दुसऱ्याला दाखवत होतं

एकूण गेले १,५२,१५९ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हापशाच्या बाजारात मला थांबवून "किती गेले रे?" असं कुणाला विचारायला नको. "जुगारच खेळत होता, मग भोग" म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचूच नये. मी खेळलो जून-जुलै २०२५ मध्ये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली २२ ऑगस्ट २०२५ ला. त्याआधी निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस कापून घेताना कुणाचा हात थरथरला नव्हता. पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोत जावं, तर १ फेब्रुवारी २०२० पासून आम्हा गोंयकारांना आत प्रवेश नाही. दिल्ली-सुरतेची माणसं आत जाणार, आम्ही काठावरून दिवे बघायचे. मग माणूस घरी बसून खेळणार नाही तर काय करणार?

ते सॉफ्टवेअर विकणारा इसम ओळखीतूनच आला. पूर्वी कॅसिनोत डीलर होतो म्हणायचा, आणि ज्या सफाईने पत्ते पिसायचा ते बघून खोटंही वाटत नव्हतं. अठरा जून रस्त्यावर कॉफी पाजली (तेवढाच काय तो त्याचा माझ्यावरचा खर्च), लॅपटॉपवर कमाईचा वर चढत जाणारा ग्राफ दाखवला. "बाब, आज सॉल्व्हरशिवाय कोण जिंकत नाही." सॉल्व्हर म्हणजे कुठल्या पत्त्यांवर कुठली चाल बरी, याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर. आता यात खोटं काय होतं? पायोसॉल्व्हर, पोकरट्रॅकर ही खरीखुरी सॉफ्टवेअर आहेत, मोठे खेळाडू त्यावर तासन्‌तास अभ्यास करतात. ग्राफखाली किती हॅन्ड, म्हणजे डाव, खेळले तो आकडा मात्र नव्हता. चार-पाचशे हॅन्डमध्ये नशिबाने कुणीही वर जातो. हजारो हॅन्डचा हिशोब दिसत नसेल तर त्या रेघेला काडीची किंमत नाही.

लायसन्स ६,९९९ रुपये. मग "डेटाबेस आणि कोचिंग" १८,५००. मग "हिशोब आमच्या सर्व्हरवर होतो" म्हणून डिपॉझिट ४२,०००, तेही म्हणे परत मिळणारं. सगळं यूपीआयने, दर वेळी क्यूआर वेगळा. शेवटच्या क्यूआरवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचत जा.

सॉफ्टवेअर त्याने स्वतःच बसवून दिलं, माझ्या लॅपटॉपचा ताबा घरबसल्या घेऊन. आधी अँटीव्हायरस बंद करायला लावला. "याला तो उगाच व्हायरस समजतो." पोकरच्या चांगल्या सॉफ्टवेअरवरही अँटीव्हायरस कधीकधी ओरडतो, म्हणूनच मी मानलं. तुम्हीही मानलं असतंत.

पण एक क्षण असा आला की तो आठवला की अजून झोप उडते. टेबलावर सहा जण, त्यातले पाच जण फ्लॉप (सगळ्यांसाठी उघडले जाणारे पहिले तीन पत्ते) बघायला आत. मी नुसतं बटण दाबलं आणि दोन सेकंदांत उत्तर हजर: "बेट (पैसे लाव), ७१.४ टक्के". दोन सेकंदांत! अहो, पायोसॉल्व्हर फ्लॉपनंतरचा डाव सोडवतं तो दोनच खेळाडूंमधला, आणि तेवढ्यालाही रॅम भरभरून लागते. लिब्रेटस या प्रोग्रॅमने २०१७ मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, तेही एकेकाशी समोरासमोर खेळून, आणि त्याच्या मागे महासंगणक होता. माझा लॅपटॉप आठ जीबीचा. हे सगळं मला ठाऊक होतं, त्या रात्रीसुद्धा ठाऊक होतं. विचारलं तर म्हणाला, "क्लाउड आहे बाब." त्या दशांश चिन्हापुढच्या चाराने घात केला. नुसतं ७० लिहिलं असतं तर मी कदाचित हसलो असतो.

पुढे टेबलावर जे सुरू झालं ते पोकर खेळणाऱ्याला दोन ओळींत कळेल. माझ्या हातात दोन नव्वे, फ्लॉपवर तिसरा नव्वा, म्हणजे जबरदस्त पत्ते. दोन तास वाट्टेल त्या पत्त्यांवर कॉल करणारा (माझ्याइतकेच पैसे लावून डावात राहणारा) समोरचा क्षणात फोल्ड, पत्ते टाकून मोकळा. मी ब्लफ मारला की तोच तिसऱ्या पेअरवर, म्हणजे किरकोळ जोडीवर, निवांत कॉल. ७३,४०० रुपये असे गेले. मी सॉल्व्हरचा सल्ला बघत होतो आणि समोरचा माझे पत्ते. हा प्रकार नवाही नाही: ईसेट या सुरक्षा कंपनीने २०१५ मध्येच ओडलानोर नावाचा ट्रोजन, म्हणजे चांगल्या सॉफ्टवेअरच्या वेषात शिरणारा व्हायरस, उघडकीस आणला होता. पोकरच्या टूल्सच्या इन्स्टॉलरमध्ये लपून तो खेळाडूच्या स्क्रीनचे फोटो पळवायचा. दुसऱ्याच्या हातून काहीही इन्स्टॉल करून घेऊ नका. अभ्यासाचं सॉफ्टवेअर खेळ संपल्यावर उघडायचं असतं. खेळ चालू असताना चाल सांगणारं जो विकतो, तो तुम्हालाही नियमाबाहेर ओढतो. मला तर "स्टडी टूल आहे, चालतं" असंच सांगितलं होतं. ज्या पोकर साइटवर खेळत होतो तिच्याकडे तक्रार केली, तर त्यांनी चौकशी म्हणून पहिलं माझंच खातं गोठवलं. त्यात ११,२६० रुपये अडकले.

आणि आता आपली यंत्रणा. जवळच्या ठाण्यात गेलो, ते म्हणाले सायबरवाल्यांकडे जा. तिथे साहेबांनी आधी "खेळटा कित्याक?" (खेळता कशाला?) विचारलं, अर्ज नंतर वाचला. पैसे स्वतः पाठवलेत ना, मग हा दिवाणी वाद. स्क्रीनशॉट दिले तर म्हणे प्रिंट आणा. प्रिंट नेली तर पेन ड्राइव्ह आणा. पेन ड्राइव्ह नेला तर ज्यांच्याकडे अर्ज ते रजेवर. मागे बाकावर गावातलेच दोघे बसलेले, कान टवकारून. बँकेने एका ओळीत हात झटकले: पिन तुम्हीच टाकलात. ऑगस्ट संपत आल्यावर तर साहेब खूशच झाले. "आता कायदाच आलाय, तुमच्यावरच केस होईल." साफ खोटं! त्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. आणि मुळात माझी तक्रार सॉफ्टवेअरच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीची, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. तरी नोंदवलं नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. मी पाठवलंय. उत्तर यायचंय.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्या गेल्या करा. पुढच्या खात्यातून ते काढले जाण्याआधी कळवलं तरच थांबवता येतात. मी केला तोवर रिचार्जवाल्याच्या खात्यात काही उरलं नव्हतं. लॅपटॉप फॉरमॅट करू नका, तोच पुरावा आहे. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या यंत्रावरून.

तो माणूस मागच्या आठवड्यात पर्वरीत दिसला असं एकाने सांगितलं. आता शेअर बाजाराचं सॉफ्टवेअर विकतोय. लायसन्स ६,९९९.