सोसायटीचा तक्रार फॉर्म: साधा टेक्स्टएरिया की रिच एडिटर?

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या वेबसाइट मी करतो, अधूनमधून ऐरोली-घणसोलीकडच्याही. कमिटीच्या मीटिंगमध्ये एक मागणी हमखास येते: तक्रार लिहायच्या चौकटीवर वर्डसारखी बटणं द्या. ठळक, तिरकं, रंगीत अक्षर. देता येतात. अशी बटणं असलेली चौकट म्हणजे रिच एडिटर. टिनीएमसीई, सीकेएडिटर, क्विल हे तयार मिळतात, यातला हवा तो घ्या, पानावर बसवायला फार वेळ लागत नाही. पण द्यावीत का, याबद्दल माझं मन एका बाजूला झुकलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दिसण्यात टेक्स्टएरिया, म्हणजे बटणं नसलेली साधी चौकट, मार खातो, यात वाद नाही. काहीच सांगितलं नाही तर जेमतेम दोन ओळींचा डबा उघडतो आणि तो बघून माणूस ‘पाणी नाही’ एवढंच लिहून मोकळा होतो. सहा-सात ओळींची उंची दिली की लोक नीट लिहितात, असा माझा अनुभव. रुंदी शंभर टक्के ठेवायची आणि कोपरा ओढला तर डबा फक्त खाली वाढेल असं करायचं, नाहीतर कुणीतरी तो आडवा ओढून अख्खं पान विस्कटतो. मजकुराबरोबर डबा आपोआप वाढावा म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, ‘फील्ड-सायझिंग: कंटेंट’ आहे. क्रोममध्ये ते 2024 पासून चालतं. जुन्या ब्राउझरला कळलं नाही तरी बिघडत काहीच नाही.

बारीक खोड्या टेक्स्टएरियाच्याही आहेत. कोड नीटनेटका दिसावा म्हणून डब्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा टॅग (कोडमधली खूण) वेगवेगळ्या ओळींवर लिहिला, की मधल्या मोकळ्या जागा डब्यात जाऊन बसतात आणि ‘तक्रार इथे लिहा’ हा प्लेसहोल्डर, म्हणजे रिकाम्या डब्यातली फिकट सूचना, गायब होतो, कारण ब्राउझरच्या लेखी डबा रिकामा नसतो. दोन्ही टॅग एकमेकांना चिकटवून लिहायचे. दुसरी खोडी मॅनेजरच्या स्क्रीनवर दिसते. रहिवाशाने ओळी सोडून लिहिलेलं तिथे सलग एका लगद्यात येतं. डेटाबेसमध्ये ओळी शाबूत असतात, दाखवताना सीएसएसमध्ये ‘व्हाइट-स्पेस: प्री-रॅप’ दिलं की उभ्या राहतात.

अक्षरमर्यादा घालणार असाल तर मराठीसाठी हात सैल सोडा. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर वाटतं, मॅक्सलेंथच्या, म्हणजे ही मर्यादा घालणाऱ्या कोडच्या, हिशेबात ती चार होतात. शिवाय ब्राउझरमधली स्क्रिप्ट एंटरला एक अक्षर धरते, पण फॉर्म नेहमीच्या पद्धतीने सबमिट झाला की त्याच एंटरची सर्व्हरवर दोन अक्षरं पोचतात. म्हणून डेटाबेसचा रकाना मर्यादेपेक्षा ऐसपैस ठेवावा.

आता एडिटर. त्यातून येतो तो एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या कोडमधला मजकूर, म्हणजे सर्व्हरवर तो गाळून घेणं आलंच. नाहीतर उद्या कुणी त्यातून स्क्रिप्ट घुसवेल. वर्डमधून पेस्ट केलेल्या पत्रासोबत फॉन्ट आणि रंगही येतात. काही एडिटर रिकामे असले तरी एक रिकामा परिच्छेद पाठवतात, त्यामुळे ‘तक्रार लिहिणं आवश्यक’ ही तपासणी फसते आणि कोरी तक्रार नोंदली जाते. तरी हे सगळं एकदा निस्तरलं की संपतं, त्यावरून मी एडिटर सोडला नसता.

सोडला तो फोनवरच्या मराठी टायपिंगमुळे. आपल्याकडे तक्रार लॅपटॉपसमोर बसून कोण लिहितं? ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्याउभ्या, नाहीतर नळाला पाणी नाही म्हणून किचनमधूनच, फोनवर. एका सोसायटीतल्या काकूंनी ‘पा’ टाइप केलं, वरच्या पट्टीतून ‘पाण्याचा’ निवडलं आणि उमटलं ‘पापाण्याचा’. खोडायला गेल्या तर कर्सर उडी मारून ओळीच्या सुरुवातीला. शेवटी वैतागून त्यांनी मॅनेजरला फोन केला आणि ऑनलाइन फॉर्म बाजूलाच राहिला.

कारण सांगतो. मराठी कीबोर्ड शब्द पुरा होईपर्यंत तो कच्चा धरून ठेवतो, खाली रेघ दिसते तो हाच भाग. पर्याय निवडला की कच्चा शब्द काढून पक्का ठेवतो. एडिटर मात्र मजकुराची स्वतःची वेगळी नोंद ठेवतो आणि मधेच पानावरचा भाग नव्याने मांडतो. त्या क्षणी कीबोर्डच्या हातातला शब्द निसटतो. त्यात अँड्रॉइडवर बहुतेक कळांसाठी ब्राउझर 229 हा एकच आकडा कळवतो, म्हणजे नेमकं काय दाबलं हे एडिटरला कळतच नाही. हे प्रत्येक फोनवर होत नाही, आणि नवे एडिटर यात बरेच सुधारलेत, हेही मान्य. पण माझ्या लॅपटॉपवर इंग्रजीत टाइप करून कधीच न दिसणारा दोष मी कुठल्या फोनवर शोधत बसू? टेक्स्टएरियात कीबोर्ड आणि ब्राउझर आपसात बघून घेतात, मधे कुणी लुडबुड करत नाही.

सेक्रेटरींची गोष्ट वेगळी. सभेची नोटीस, इतिवृत्त, मेंटेनन्सचा तक्ता ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून करतात आणि त्यांना मथळे, तक्ते, ठळक अक्षर खरोखरच लागतं. त्यांच्या लॉगिनला मी एडिटर बिनदिक्कत देतो. रहिवाशांच्या फॉर्मलाही तोच हवा असा कमिटीने फारच आग्रह धरला, तर टेक्स्टएरियाखाली फोटो जोडायचं बटण देतो. छताची ओल दाखवायची सोय झाली की लाल अक्षरांबद्दल सहसा पुन्हा कुणी विचारत नाही.